ग्रीक अक्षरांचे कपडे : अमेरिकन कॉलेजात आणि कॉलेज संपल्यावर

ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठात जा, छातीवर दोन-तीन ग्रीक अक्षरं शिवलेले स्वेटशर्ट घालून हिंडणारी मुलंमुली दिसतातच. भारतातून नुकत्याच आलेल्याला वाटतं, एखाद्या कंपनीचा छाप असेल. ही फ्रॅटर्निटी (मुलांची संघटना) आणि सोरोरिटीची (मुलींची संघटना) ‘लेटर्स’. ती कोणी घालायची, कधी घालायची, कधी काढून ठेवायची याचे नियम ठरलेले आहेत. थोडे लेखी, बरेचसे तोंडी. नव्या माणसाला ते आपणहून कोणी सांगत नाही, आणि चूक झाली की मात्र सगळ्यांच्या नजरेत येते.

मी बारावीनंतर इकडे शिकायला आले, एका दक्षिण आशियाई सोरोरिटीत गेले आणि आता नोकरी सांभाळून एका चॅप्टरची, म्हणजे संस्थेच्या एका विद्यापीठातल्या शाखेची, सल्लागार म्हणून काम करते. दर सेमिस्टरला नव्या मुली तेच प्रश्न घेऊन येतात. हल्ली त्यांचे आई-बाबाही विचारतात, विशेषतः इथे वाढलेल्या मराठी मुलांचे. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

एवढं धरून चाला: लेटर्स अंगावर असताना लोक तुम्हाला तुमच्या नावाने ओळखत नाहीत, संस्थेच्या नावाने ओळखतात. तुम्ही बसमध्ये म्हाताऱ्या बाईंना जागा दिलीत तरी ती संस्थेच्या खात्यावर जमा होते, आणि दुकानात कोणावर आवाज चढवलात तर तोही तिथेच. पुढचे जवळजवळ सगळे नियम याच एका गोष्टीतून आले आहेत.

पहिली पायरी : कोणाची अक्षरं आहेत ते ओळखा

ग्रीक अक्षरांची ही पद्धत व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली. ५ डिसेंबर १७७६ रोजी तिथल्या विद्यार्थ्यांनी फाय बेटा कॅपा ही संस्था काढली आणि आपल्या गुप्त ब्रीदवाक्याची आद्याक्षरं नाव म्हणून घेतली. आज आपण जिला फ्रॅटर्निटी म्हणतो तिचं रूप न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ नंतर घडलं. फाय बेटा कॅपा स्वतः पुढे गुणवंतांची मानाची संस्था झाली. म्हणजे अक्षरं ग्रीक असली की ती फ्रॅटर्निटीच असते असं नाही, आणि आपल्या मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

ढोबळमानाने पाच प्रकार डोक्यात ठेवा. मोठाली घरं असलेल्या, रश किंवा रिक्रूटमेंट, म्हणजे नव्या सभासदांची भरती, करणाऱ्या सामाजिक फ्रॅटर्निटी-सोरोरिटी हा पहिला. दुसरा ‘डिव्हाइन नाइन’, म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उभारलेल्या नऊ संस्था. त्यांची परिषद १९३० साली हॉवर्ड युनिव्हर्सिटीत स्थापन झाली. तिसरा लॅटिनो, आशियाई, दक्षिण आशियाई अशा संस्थांचा. चौथा व्यावसायिक आणि सेवाभावी संस्थांचा, ज्यांत बहुधा मुलगे-मुली दोघंही असतात. पाचवा मानाच्या संस्थांचा.

एमएस करायला आलेल्या इंजिनीअरला ज्या संस्थेचं पत्र येण्याची शक्यता सर्वांत जास्त, ती टाउ बेटा पाय किंवा ईटा कॅपा न्यू, आणि त्या दोन्ही मानाच्या संस्था आहेत. तिथे रश नसतो, घर नसतं, पार्ट्या नसतात. गुणांवर निवड होते आणि पदवीदानाला गळ्यात घालायचा दोर किंवा पट्टा मिळतो. ‘फ्रॅटर्निटीत ओढतायत’ म्हणून घाबरून ते पत्र कचऱ्यात टाकू नका. विभागाच्या कार्यालयात जाऊन खात्री करा, आणि खरी निघाली तर आनंदाने सभासद व्हा.

अक्षरं वाचताना शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. अल्फा फी ही १८७२ साली सिरॅक्यूजमध्ये निघालेली मुलींची सोरोरिटी. तिच्यापुढे आणखी एक अल्फा लागला की ती अल्फा फाय अल्फा: १९०६ साली कॉर्नेलमध्ये सुरू झालेली, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची पहिली आंतरविद्यापीठीय फ्रॅटर्निटी, जिचे मार्टिन ल्यूथर किंग सभासद होते. शेवटी ओमेगा असेल तर ती अल्फा फाय ओमेगा, १९२५ साली लाफिएट कॉलेजात सुरू झालेली सेवाभावी संस्था, जिथे कोणीही जाऊ शकतं. तीन संस्था, तीन वेगळी जगं, आणि स्वेटशर्टवर फरक एका अक्षराचा. उच्चारही विचारून घ्या: एकच अक्षर अल्फा फीमध्ये ‘फी’ आणि पाय बेटा फायमध्ये ‘फाय’. गणिताच्या तासाला शिकलेला ‘ची’ इथे ‘काय’ होतो. इंग्रजी पीसारखा दिसतो तो ‘रो’, आणि आडवी दांडी नसलेला ए म्हणजे ‘लॅम्डा’.

दक्षिण आशियाई संस्था वयाने लहान आहेत. बिंगहॅम्टनला १९९४ साली आयोटा नू डेल्टा, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत १९९६ साली सिग्मा बेटा रो, १९९८ साली ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय आणि कॅपा फाय गॅमा, त्याच वर्षी ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा. टेक्सास, न्यू जर्सी, इलिनॉयकडची मराठी मुलंमुली यांत बरीच सापडतील. वयाने लहान म्हणून नियम सैल असतील असं समजू नका. या संस्थांनी लेटर्सचे बरेच संकेत डिव्हाइन नाइनकडून घेतले आहेत, आणि ते कडक आहेत.

दुसरी पायरी : सभासद नसाल तर हात लावू नका

हे सरळ आहे, तरी सर्वाधिक चुका इथेच होतात. रूममेटचा स्वेटशर्ट खुर्चीवर पडला आहे, बाहेर थंडी आहे, तुम्ही चढवून निघालात. तिच्या घरच्या टोपीचं, स्कार्फचं चालेल. लेटर्सचं चालत नाही. गुडविलसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चार डॉलरला मिळाला तरी घेऊ नका. हॅलोवीनला गंमत म्हणून अक्षरं चिकटवू नका. सामाजिक सोरोरिटीतल्या मुली कदाचित नुसतं तोंड वाकडं करतील, पण डिव्हाइन नाइनच्या बाबतीत हा फार मोठा अपमान मानला जातो, आणि तसं मानणं मला पूर्णपणे बरोबर वाटतं. ज्या काळात या मुलांना विद्यापीठाच्या वसतिगृहातही सहज जागा मिळत नव्हती, त्या काळात त्यांनी या संस्था उभ्या केल्या. ती अक्षरं मिळवावी लागतात.

रंगांचंही थोडं भान ठेवा. गुलाबी-हिरवा अल्फा कॅपा अल्फाचा, किरमिजी आणि साय-रंग डेल्टा सिग्मा थीटाचा, जांभळा-सोनेरी ओमेगा साय फायचा. रोजच्या आयुष्यात तुमच्या कुर्त्याचे रंग जुळले म्हणून कोणी काही म्हणणार नाही. पण त्या संस्थेच्या माहितीसभेला जाताना तिचेच रंग घालून जाऊ नका. आत येण्याआधीच आत असल्यासारखं वागणं, असा त्याचा अर्थ काढला जातो. काळी पँट, पांढरा शर्ट, विषय संपला. त्यांच्या हाताच्या खुणा, आरोळ्या आणि स्ट्रोलच्या, म्हणजे रांगेत ठेक्यावर करायच्या नाचाच्या, चालीसुद्धा त्यांच्याच. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ‘कॉलेजचा डान्स’ म्हणून त्या बसवू नका.

तिसरी पायरी : बिड मिळाल्यापासून दीक्षा होईपर्यंत

बिड म्हणजे सभासद होण्याचं आमंत्रण. सामाजिक सोरोरिटीत ते देतात त्या बिड डेच्या दिवशीच नव्या मुलीच्या हातात लेटर्स असलेला टी-शर्ट किंवा जर्सी येते आणि ती तिथेच घालून फोटो निघतात. बहुतेक संस्थांमध्ये नवी सभासद अक्षरं घालू शकते, पण क्रेस्ट, म्हणजे ढाल-मुकुटाचं संस्थेचं राजचिन्ह, आणि मुख्य बॅज दीक्षा, म्हणजे पक्कं सभासद करून घेण्याचा विधी, झाल्यावरच. मधल्या काळात नव्या सभासदाची वेगळी छोटी पिन असते. काही ठिकाणी अक्षरंसुद्धा दीक्षेनंतरच. त्यामुळे पहिल्याच बैठकीत नव्या सभासदांची जबाबदारी असलेल्या मुलीला स्पष्ट विचारा: अक्षरं कधी, क्रेस्ट कधी, बॅज कधी?

डिव्हाइन नाइन, दक्षिण आशियाई आणि इतर बहुसांस्कृतिक संस्थांत उत्तर सोपं आहे: ‘क्रॉस’ होईपर्यंत, म्हणजे पक्के सभासद होईपर्यंत, काहीही नाही. कोणत्या संस्थेत जायचं आहे हेही लोक चारचौघांत बोलत नाहीत. मग सगळ्यांसमोर नव्या सभासदांची ओळख करून देण्याचा कार्यक्रम होतो, मुखवटे उतरतात, आणि त्या रात्री पहिल्यांदा अक्षरं अंगावर येतात. पुढे लाइन जॅकेट मिळतं (लाइन म्हणजे एकत्र सभासद झालेल्यांची तुकडी), त्यावर तुमचं लाइनवरचं नाव आणि क्रमांक. त्या जॅकेटला इथे जी किंमत आहे ती कुठल्याही दुकानातल्या कपड्याला नाही.

याच टप्प्यावर एक गोष्ट कळकळीने सांगते. अक्षरं ‘कमवण्याच्या’ नावाखाली कोणी दारू प्यायला लावलं, रात्र-रात्र जागवलं, मारलं, पैसे काढायला लावले, फोन काढून घेतला, तर तिथून निघा आणि विद्यापीठाला कळवा. हे हेझिंग आहे. बहुतेक सगळ्या राज्यांत त्याविरुद्ध कायदा आहे, आणि मुलं त्यात जिवानिशी गेलेली आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवरही कायदा झाला; हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या विद्यार्थी-संस्थांची नावं असलेला अहवाल विद्यापीठांना आता जाहीर करावा लागतो. बिड स्वीकारण्याआधी तुमच्या विद्यापीठाचा तो अहवाल काढून वाचा. आई-बाबांनीही वाचावा.

चौथी पायरी : पहिली लेटर्स करून घेताना

छापील टी-शर्ट चॅप्टर एकगठ्ठा मागवतं. पण खरी लेटर्स म्हणजे शिवलेली. जाड ट्विल कापडाची अक्षरं कापतात, एका रंगाच्या अक्षरामागे दुसऱ्या रंगाचं किंचित मोठं अक्षर ठेवतात, आणि कडेने दाट नागमोडी टाका मारून दोन्ही थर छातीवर शिवतात. अक्षराची उंची साधारण चार इंच. वरच्या थराला साधा रंग आणि खालच्याला फुलाफुलांचं किंवा चौकड्याचं कापड, अशी निवड करता येते. इथल्या मुली यावर तासन्‌तास चर्चा करतात. आमच्याकडे एका मुलीने आजीच्या जुन्या इरकलीच्या काठाचा खालचा थर करून घेतला. दोन बोटं रुंदीचा तो गोमी काठ बरोबर अक्षराच्या कडेने बाहेर डोकावतो. फार देखणं दिसतं. मात्र हाताने विणलेलं जुनं कापड आधी पाण्यात घालून, रंग जात नाही ना पाहून, मागून पातळ कॅनव्हास लावूनच द्या.

विकत घेताना दुकान संस्थेने परवाना दिलेलं आहे ना, ते बघा. अक्षरं आणि क्रेस्टचे हक्क संस्थांकडे असतात, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या मुख्य कार्यालयाच्या संकेतस्थळावर असते. चांगला शिवलेला स्वेटशर्ट पन्नास डॉलरच्या पुढे सहज जातो, तेव्हा पहिल्याच महिन्यात चार घेऊ नका. मोठ्या मुलींकडून, विशेषतः तुमच्या ‘बिग’कडून (तुम्हाला मार्गदर्शक म्हणून मिळालेली जुनी सभासद), जुनी लेटर्स मिळतात आणि ती नव्यापेक्षा मानाची असतात. धुताना उलटं करून, थंड पाण्यात. ड्रायरमध्ये न टाकता वाळवा. ड्रायरच्या उष्णतेने स्वेटशर्ट आटतो, ट्विल आटत नाही, आणि अक्षरांभोवती कायमच्या चुण्या पडतात.

पाचवी पायरी : रोजच्या वापरातले नियम

दारू आणि लेटर्स एकत्र नाहीत. वयाची एकवीस वर्षं पूर्ण असली, हातात एकच ग्लास असला, तरी नाही. बारमध्ये शिरतानाही नाही. सिगारेट, व्हेप तसंच. मैत्रिणीकडे अचानक पार्टी सुरू झाली आणि बदलायला कपडे नसतील तर मुली बाथरूममध्ये जाऊन शर्ट उलटा करून घालतात. शिवण बाहेर, अक्षरं आत. विचित्र दिसतं, पण सगळ्यांना कारण ठाऊक असतं आणि कोणी हसत नाही. फोटोच्या वेळी लाल प्लास्टिकचे पेले चौकटीच्या बाहेर ठेवा, मग आत सरबत का असेना. फोटो बघणाऱ्याला चव कळत नाही.

जिममध्ये, झोपताना, अक्षरं पँटच्या मागच्या बाजूला, बुटांवर… याबद्दल प्रत्येक संस्थेचं आणि प्रत्येक चॅप्टरचं मत वेगळं. साधारणपणे कमरेखाली अक्षरं नकोत, क्रेस्ट तर मुळीच नको, असं धरा. फाटका, डागाळलेला शर्ट बाहेर घालू नका. वर्गात, लायब्ररीत, सेवाकार्याला, खेळाच्या सामन्याला अवश्य घाला. अनेक चॅप्टर्समध्ये आठवड्यातला एक दिवस त्यासाठी ठरलेला असतो.

गाडीच्या काचेवरचं स्टिकरही लेटर्सच आहे. ते लावलंत की गाडी नीट चालवा आणि अपंगांच्या जागेवर पार्क करू नका. विद्यापीठाच्या कार्यालयात येणाऱ्या तक्रारींत ‘अमुक अक्षरांची गाडी’ असं नेमकं लिहिलेलं असतं.

बॅजची गोष्ट वेगळी. तो छोटासा, सोन्याचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेला, काहींत मोती जडवलेला. कॅपा कॅपा गॅमाचा किल्लीच्या आकाराचा, पाय बेटा फायचा बाणाचा, डेल्टा गॅमाचा जहाजाच्या नांगराचा, कॅपा अल्फा थीटाचा उडवायच्या पतंगाचा. टी-शर्टवर किंवा जीन्सवर तो लावत नाहीत. औपचारिक कपड्यांवर, डाव्या बाजूला, हृदयावर.

आता साडीवर कुठे? दिवाळीच्या किंवा स्थापनादिनाच्या कार्यक्रमाला हा प्रश्न हमखास येतो. आपला पदर डाव्याच खांद्यावर जातो, म्हणजे ब्लाउजला लावलेला बॅज झाकला जाणार. तेव्हा तो पदरावरच लावायचा. पदराच्या निऱ्या नीट घालून खांद्यावर पक्क्या करा आणि खांद्याच्या पिनेखाली चार बोटं अंतर सोडा. मागे फेल्टचा किंवा जुन्या सुती कापडाचा नखाएवढा तुकडा धरा, आणि बॅजची सुई एका निरीतून न नेता तीन-चार निऱ्यांमधून त्या तुकड्यात उतरवा. वजन वाटलं जातं, रेशीम ओढलं जात नाही, बॅज खाली झुकत नाही. पैठणीच्या जरीत सुई मुळीच घालू नका, जर तुटते आणि पुन्हा नीट होत नाही. काठ सोडून पदराच्या साध्या रेशमावर जागा शोधा. नऊवारीतही हेच. सलवार-कमीज असेल तर ओढणी उजवीकडे घ्या. काम झालं.

गळ्यात घालायचं अक्षरांचं लटकन, त्याला लव्हालियर म्हणतात, ते साध्या कपड्यांवरही चालतं. पण मुलाच्या आई-बाबांनी एक लक्षात घ्यावं: फ्रॅटर्निटीतल्या मुलाने आपल्या संस्थेचं लव्हालियर एखाद्या मुलीला दिलं, तर जुन्या प्रथेप्रमाणे तो नातं गंभीर असल्याचा उघड शब्द असतो. त्याच्या पुढची पायरी स्वतःचा बॅज देणं, आणि त्यापुढची साखरपुडा. मुलाने फोनवर ‘लव्हालियर दिलं’ असं सांगितलं तर ते मित्राला दिलेली भेट समजून पुढचा विषय काढू नका.

घरच्यांसाठी

पालकांच्या वीकेंडला सोरोरिटीतल्या मुलींच्या आया ‘मॉम’ लिहिलेले स्वेटशर्ट घालून येतात. त्यावर संस्थेचं नाव असतं आणि पुढे ‘मॉम’; सामाजिक सोरोरिटीत हे सर्रास चालतं आणि मुलींना आवडतं. बाबांचेही मिळतात. डिव्हाइन नाइन आणि आमच्यासारख्या संस्थांत मात्र मुलीला विचारल्याशिवाय काहीही मागवू नका. मुलगी ‘आई, नको’ म्हणाली तर त्यात तुमचा अपमान नाही. त्या घराचा तो नियम आहे.

पुण्या-नागपूरला सुट्टीत जाताना बॅगेत जुने टी-शर्ट भरायची आपली सवय असते. लेटर्सचे बाजूला काढा. मावसभाऊ हौसेने घालेल, त्याचा फोटो टाकेल, आणि इथे कोणीतरी विचारेल की हा कोणत्या चॅप्टरचा. शिवाय दोन वर्षांनी तोच स्वेटशर्ट बोहारणीच्या गाठोड्यात जायचा. कार्यक्रमांचे टी-शर्ट, जसे निधीसंकलनाची दौड किंवा रक्तदान, बाहेरच्यांनाही वाटलेले असतात. ते खुशाल द्या.

पदवीदान

गाऊनवर लेटर्सचा पट्टा घालता येतो का, हे विद्यापीठाच्या पदवीदान कार्यालयाच्या पानावर लिहिलेलं असतं. काही ठिकाणी फक्त मानाच्या संस्थांचे दोर मुख्य समारंभात चालतात, बाकीचं सगळं फोटोपुरतं. आधीच वाचा, दारात उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालायचा तो दिवस नव्हे. दोन-तीन पट्टे असतील तर लेटर्सचा सगळ्यांत वर, म्हणजे फोटोत अक्षरं कापली जात नाहीत.

कॉलेज संपल्यावर

सभासदत्व आयुष्यभराचं असतं, स्वेटशर्ट मात्र रोजचा राहत नाही. नोकरीच्या मुलाखतीला लेटर्स नकोत, बॅजही नको. अर्जात संस्थेचं पूर्ण नाव आणि तिथे काय काम केलंत ते लिहा: खजिनदार होतात, किती जणांचा हिशोब सांभाळलात, कोणत्या कामासाठी निधी उभा केलात. समोरची व्यक्ती त्याच संस्थेची निघाली तर तीच विषय काढेल. ऑफिसात मगवर, किल्लीच्या साखळीला अक्षरं असली तर बिघडत नाही. घरी, भाजी आणायला, विमानप्रवासाला स्वेटशर्ट घाला. विमानतळावर अनोळखी बाई येऊन ‘कुठलं चॅप्टर?’ विचारते आणि पुढचा एक तास कसा जातो कळत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

होमकमिंगला (माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला), स्थापनादिनाला, अधिवेशनाला लेटर्स घालणं अपेक्षितच असतं. पण जुन्या चॅप्टरच्या पार्टीत तिशीत पोचून अक्षरं मिरवत उभं राहू नका. ते घर आता तिथल्या मुलांचं आहे. मदत करायला या, माहितीसभेत बोला, जेवणाचं बिल द्या.

सामाजिक संस्थांतले अनेक जण पदवीनंतर हळूहळू दूर जातात. डिव्हाइन नाइनमध्ये उलट आहे. तिथे पदवीधरांची स्वतंत्र चॅप्टर्स गावोगावी असतात, चाळिशीतही नवे सभासद होतात, आणि सत्तरीतल्या बायका दिमाखात लेटर्स घालतात. कमला हॅरिस १९८६ साली हॉवर्डमध्ये शिकताना अल्फा कॅपा अल्फाच्या सभासद झाल्या. जानेवारी २०२१ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या अंगावर एकही अक्षर नव्हतं, पण गळ्यात मोती होते, आणि मोती हे त्या संस्थेचं चिन्ह. देशभरातल्या त्यांच्या भगिनींना ते न सांगता कळलं. मोठं झाल्यावर संस्था अंगावर बाळगायची ती अशी: रंग, एखादा दागिना, कोटाच्या कॉलरवरची बारीक पिन. आमच्या वयाच्या बायकांना मी हेच सुचवते, कारण ते ऑफिसातही चालतं आणि लग्नातही.

चॅप्टर बंद पडलं तर? तुमचं सभासदत्व सहसा जात नाही, लेटर्स घालता येतात. पण शिस्तभंगामुळे बंद झालं असेल तर त्या गावात, निदान काही वर्षं, अक्षरं घरात ठेवलेली बरी. तिथे कोणाला तरी त्या अक्षरांनी दुखावलेलं असतं. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात किंवा काढलं गेलं, तर मात्र लेटर्स त्याच दिवसापासून बंद, आणि अनेक संस्थांत बॅजही परत द्यावा लागतो.

कपाटातली गर्दी कमी करताना लेटर्स देणगीच्या पेटीत टाकू नका. पहिला हक्क तुमच्या ‘लिटल’चा, म्हणजे तुम्ही जिच्या ‘बिग’ होतात तिचा, मग चॅप्टरचा. कोणालाच नको असतील तर टी-शर्टांची गोधडी शिवून घ्या. अक्षरांचे चौकोन मधे, कार्यक्रमांचे कडेला. स्वेटशर्ट धड असेल आणि तो दान करायचा असेल तर अक्षरं उसवा. आतल्या बाजूने खालच्या धाग्याचे टाके उसवणीच्या टोकाने दर अर्ध्या इंचावर कापत जा, मग वरचा धागा ओढला की लांबच्या लांब निघून येतो. खाली डिंक असेल तर गरम इस्त्री दोन सेकंद टेकवा आणि अक्षर गरम असतानाच सोला. निघालेली अक्षरं जपून ठेवली तर नव्या स्वेटशर्टवर पुन्हा शिवता येतात.

बॅजची सोय जिवंतपणीच करून ठेवा. बऱ्याच सोरोरिटींत तो सभासदाच्या मालकीचा नसतो, आयुष्यभर वापरायला दिलेला असतो, आणि मृत्यूनंतर मुख्य कार्यालयाकडे परत जायचा असतो किंवा सभासदाबरोबरच ठेवायचा असतो. तुमच्या संस्थेचा नियम बघून घ्या. घरच्यांना हे माहीत नसतं. ते सोनं म्हणून सराफाकडे नेतात किंवा इंटरनेटवर विकायला काढतात, आणि मग अनोळखी भगिनी पदरचे पैसे घालून तो सोडवून आणतात. बॅजच्या डबीत एक चिठ्ठी ठेवा: संस्थेचं पूर्ण नाव, तुमचं चॅप्टर, दीक्षेचं वर्ष, मुख्य कार्यालय कुठे आहे, आणि बॅज परत पाठवायचा की तुमच्याबरोबर द्यायचा. चिठ्ठी इंग्रजीत लिहा, आणि घरात मराठी वाचणारे असतील तर मराठीतही.